इंदूचे शंख

इंदू परब चिडकी आहे, हे चिंचवड स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. नळावर कुणी मध्ये घुसलं तर ती तोंडातून शब्द न काढता त्या बाईची घागर उचलायची आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची. गवळ्याने दुधात फारच पाणी घातलं, तेव्हा तिने ते दूध त्याच्याच सायकलच्या सीटवर ओतलं होतं. बायका पदराआड हसायच्या. पुरुष तिच्या दारावरून जाताना जरा लांबून जायचे. पण १९५८ सालच्या हिवाळ्यात ती जी चिडली, तो राग नळावरचा नव्हता, आणि तो कुणाला हसण्यावारी नेता आला नाही.

ती मूळची आचऱ्याची, मालवणच्या वरच्या अंगाला. बाप रापण ओढणारा. किनाऱ्यावर जाळं ओढलं की माशांबरोबर शंख, कवड्या, शिंपले येत. पुरुष ते पायाने बाजूला सारत आणि इंदू वेचून घेई. थोरला भाऊ भैरू तिला उथळ पाण्यात न्यायचा आणि खडकाच्या कपारीत हात घालून शंख काढून द्यायचा. बिस्किटांचा एक मोठा डबा तिने असा भरला होता. चौथी झाली, शाळा सुटली. भैरू नेव्हीत गेला आणि इंदूचं लग्न कुडाळच्या बाजूला, जिथे खाऱ्या वाऱ्याचा वाससुद्धा येत नाही अशा गावात, उद्धव परबाशी झालं. डबा तिने सासरी बरोबर नेला.

त्यातल्या एका शंखात जीव राहून गेला होता. तो कुसला आणि घरभर घाण सुटली. सासूने काही विचारलं नाही. डबा उचलला आणि परसातल्या शेणखाईत उपडा केला. "घरात मेल्या जिवाची हाडां ठेवतत काय गो?" इंदू शेणात हात घालून शंख काढायला लागली, तर सासूने तिला दंडाला धरून ओढलं. उद्धव ओसरीवर उभा होता. त्याने पाहिलं आणि तो आत गेला. लग्नाला तेव्हा तीनेक महिने झाले होते. ती जेवायची बंद झाली, शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा तिच्या तोंडात पेज घातली गेली.

हे तिने भावाला कळवलं. भैरू तेव्हा कोचीला होता. त्याच्या उत्तराच्या पाकिटात एक चिमुकलं, वापरलेलं तिकीट निघालं. मधोमध शंख, भोवती वेलबुट्टी. कोची ज्या त्रावणकोर-कोचीन राज्यात होतं, त्या राज्याचं टपाल तेव्हा स्वतंत्र होतं. राज्याचं चिन्ह शंख, म्हणून तिकिटावरही शंखच. भैरूने सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हो शंख कुसाचो नाय. सासयेक वास येवचो नाय.'

तिथून सुरुवात झाली. पुढे ते टपाल देशाच्या टपालात मिसळून गेलं आणि ती तिकिटं बंद झाली. मग भैरू रद्दीवाल्यांकडून जुनी पाकिटं घेऊन शंख पाठवू लागला. हिरवा शंख, जांभळा शंख, नारिंगी, विटकरी, निळा. दुरून एकसारखे, पण इंदूला एकही दुसऱ्यासारखा वाटत नसे. एकाची रेघ जाड, एकाचा रंग उन्हात ठेवल्यासारखा उडालेला, एकावर काळी अक्षरं छापलेली. बोटीवरचे भैरूचे दोस्त परदेशी जात. त्यांच्याकडून कुठल्या कुठल्या बेटांची तिकिटंही कधीमधी आली: एकावर गुलाबी ओठांचा मोठा शंख, एकावर ठिपक्यांची कवडी. त्या बेटांची नावं इंदूला वाचता यायची नाहीत, पण ती कवडी तिच्या ओळखीची होती. आचऱ्याला तिने तशीच कवडी पाण्यातून काढली होती.

खाकी कागद दुमडून, दोऱ्याने शिवून तिने वही केली. डिंक लावला तर तिकीट खराब होईल, म्हणून पानाला ब्लेडने बारीक चिरा पाडल्या आणि त्यांत तिकिटांचे कोपरे अडकवले. भैरूची ती चिठ्ठी पहिल्या पानावर चिकटवली. वही पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली. शंख सासूने शेणात टाकले, पण ह्या पेटीला कुणी हात लावला नाही. उद्धवनेही नाही. त्याला ती वही ठाऊक होती. "तुझी तिकटां" म्हणायचा, एवढंच.

पंचावन्न साली उद्धवला चिंचवडला इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात काम लागलं आणि नवराबायको इकडे आली. काम टेंपररी. काही महिने झाले की कमी करायचे, मग पुन्हा घ्यायचे, म्हणजे कुणी पर्मनंट होऊ नये. चाळीतले निम्मे पुरुष असेच लटकलेले. कुणी मराठवाड्याचा, कुणी साताऱ्याचा, आणि सगळ्यांचं दैव लेबर ऑफिसर टिपणीस साहेबांच्या पेनात. साहेब लाच घेत नाहीत, असं सगळे म्हणायचे. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, हे खरंच होतं. पण गावाहून आलेली तुपाची बरणी, आंब्याची पेटी, पैठणहून आलेली एखादी साडी 'कशाला, कशाला' म्हणत ठेवून घेतली जायची. ज्याची बरणी जाई, त्याचं नाव यादीत वर सरके.

उद्धवकडे तूप नव्हतं. आंब्याची झाडं भावकीच्या वाटणीत गेली होती. तो तसा वाईट माणूस नव्हता. मारायचा नाही, प्यायचा नाही. पण जिथे बोलायला हवं तिथे गप्प बसायचा आणि जिथे विचारायला हवं तिथे विचारायचा नाही. ऑफिसातल्या एका कारकुनाने त्याला सहज सांगितलं, साहेबांना तिकिटं जमवायचा मोठा नाद आहे, पुण्याच्या कुठल्याशा मंडळात जातात.

शेजारच्या खोलीत छबूबाई राहायची. ती रावेतची, तिकडे भावाचा मळा होता आणि तिथली भाजी आणून ती स्टेशनाबाहेर विकायची. चाळीत इंदूची वही पाहिलेली ती एकटीच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "समदं येकच की गं ह्ये."

"एकच कशी? बघ नीट."

छबूबाईने डोळे बारीक करून पाहिलं. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. "व्हय, ह्यो जरा येगळा हाय," ती म्हणाली. इंदूला तेवढं पुरलं.

कार्तिकात एक दिवस इंदू तिच्याबरोबर मळ्यावर भुईमूग काढायला गेली. उद्धव रात्रपाळीहून येऊन घरी झोपला होता. बायको गेल्यावर तो उठला, पेटी उघडली, शालू बाजूला केला आणि वही टॉवेलात गुंडाळून साहेबांच्या बंगल्यावर गेला.

महिना झाला असेल, नसेल. उद्धव पर्मनंट झाला. दुपारीच पेढे घेऊन घरी आला, बायकोला नवं लुगडंही आणलं. इंदूला इतका आनंद झाला की तिने चाळभर स्वतः फिरून पेढे वाटले. नळावर जिची घागर मागे नेऊन ठेवली होती, त्या रुक्मिणीबाईलाही दोन दिले. मग घरात येऊन लुगडं ठेवायला तिने पेटी उघडली.

शालू उचलला. खाली हात घातला. शालू झटकला. पेटी पूर्ण रिकामी केली.

"वही खय आसा?"

उद्धव पेढ्यांच्या पुड्याचा कागद घडी करत होता. "खयची वही?"

"माझी."

तो कागदाची घडी करतच राहिला. छोटी, आणखी छोटी. "साहेबाक दिलंय," तो म्हणाला.

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? तेका नाद आसा तिकटांचो. कागदच ते, इंदू. जुने, शिक्के मारलेले. तेच्यावर पर्मनंट झालंय मी! आता कोण काढूचो नाय आमका."

"तू माझ्या पेटयेक हात लावलंस?"

नवऱ्याला ती तोवर कधी 'तू' म्हणाली नव्हती. त्या काळी कुणीच म्हणत नसे. भिंती पत्र्याच्या, सगळ्या चाळीने ऐकलं. उद्धवच्याही ते लक्षात आलं आणि त्याची मान खाली गेली.

"विचारलं असतंय तर तू दिलं नसतंस," तो म्हणाला.

"नसतंय दिलं. म्हणान चोरलंस."

"चोरलंय? माझ्याच घरातली वस्तू?"

"तुझी? खयचो शंख तुझो? एकाचो रंग सांग. सांग ना, एकाचो!"

उद्धवने कागदाची घडी खिशात घातली. इंदूने उरलेले पेढे घेतले आणि दारात उभी राहून एकेक करून गटारात टाकत राहिली. सगळी चाळ बघत होती. कुणी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका तिला समजवायला आल्या. रुक्मिणीबाई वयाने मोठी, ती पुढे. "अगं, नवरा पर्मनंट झाला. माझा इथे कधीपासून खेटे घालतोय. मी तर मंगळसूत्र दिलं असतं काढून."

"तुम्ही दिलं असतं. तुमच्या गळ्यातून त्यांनी झोपेत ओढलं असतं तर?"

"कागद आणि सोनं सारखं का?"

"मला सारखं."

रुक्मिणीबाईने कपाळावर हात मारला आणि उठून गेली. नंतर छबूबाई आली. ती जोत्यावर बसून तंबाखू मळत राहिली. मग म्हणाली, "ईचारायचं व्हतं त्यानं. गाय इकायची तरी मानूस घरात ईचारतो." इंदू तेव्हा रडली. रडली ह्याचाही तिला राग आला.

तिला सर्वांत जास्त काय छळत होतं, ते तिने फक्त छबूबाईला सांगितलं. आता घरात जो तांदूळ येणार, तो तिच्या शंखांचा. भाडं तिच्या शंखांचं. ते लुगडंही. सोडून कुठे जायचं तर जाण्याचं तिकीटही त्यातूनच निघणार. तिने काहीही खाल्लं तरी ती तेच खाणार होती. संध्याकाळी तिने उद्धवला ताट वाढलं, समोर आदळलं आणि म्हणाली, "जेव. माझे शंख शिजयलंय."

त्याने ताट सरकवलं. "तू घास गिळूक देतलंस की नाय?"

"नाय."

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी ती लुगडं नीट नेसली, जुनंच, आणि साहेबांच्या बंगल्यावर चालत गेली.

टिपणीस साहेब व्हरांड्यात बसले होते. समोर भिंग, चिमटा आणि काळ्या कागदांचा गठ्ठा. माणूस गोरा, हसरा, बोलायला मऊ. त्यांनी तिला खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"परबांची बायको मी. माझी वही द्या."

"अच्छा, अच्छा! परबांनी फार सुंदर जमवलंय हो सगळं. मी थक्क झालो."

"परबांनी नाही. मी."

"तेच ते. एकच झालं."

"एकच नाही झालं," इंदू म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की बागेतल्या माळ्याने मान वर केली.

साहेब हसले. "हे बघा बाई, भेट दिलेली वस्तू परत मागायची पद्धत नाही."

"मी दिली नाही."

"मग ते तुमचं नवराबायकोचं आपसातलं. मला परबांनी दिली, मी प्रेमाने घेतली. त्यांचंही काही वाईट झालं नाही, हो ना? आता तुम्ही आरडाओरडा केलात तर लोक काय समजतील? परब नव्याने लागलेत. मला वाटतं, तुम्ही घरी जावं. तिकिटांचं काय द्यायचं ते सांगा हवं तर, मी पाठवून देतो."

"वही द्या."

साहेबांनी माळ्याला हाक मारली. माळी आला, पण तिला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. तो नुसता तिच्या बाजूने चालत फाटकापर्यंत आला. फाटकाशी साहेबांची बायको सुमनताई उभी होती. तिने माळ्याला परत पाठवलं आणि पदराखालून एक छापील पत्रिका काढून इंदूच्या हातात ठेवली.

"वाचता येतं?"

"येतं."

"रविवारी पुण्याला तिकिटांचं प्रदर्शन आहे. तुझे शंख तिथे लावणार आहेत, ह्यांच्या नावाने. सगळे मोठे लोक असतील." आणि ती आत निघून गेली. नवऱ्याविरुद्ध ही बाई असं का करते, हे इंदूला तेव्हा कळलं नाही. पुढे चाळीत कानावर आलं की साहेबांनी सुमनताईची माहेरून आणलेली सतार मुंबईच्या एका वरच्या अधिकाऱ्याला भेट देऊन टाकली होती, तीही न विचारता.

रविवारी इंदू लोणावळ्याहून येणाऱ्या गाडीने पुण्याला निघाली. छबूबाई म्हणाली, "येकटी नगं जाऊ," आणि भाजीची पाटी घरी ठेवून बरोबर आली. उद्धवला दोघींनी काही सांगितलं नाही.

प्रदर्शन एका शाळेच्या मोठ्या खोलीत होतं. भिंतीशी फळ्या लावल्या होत्या आणि त्यांवर काचेच्या चौकटी. कोट घातलेले लोक हात मागे बांधून हळू आवाजात बोलत फिरत होते. अनवाणी छबूबाई आणि कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलेली इंदू आत शिरल्या, तेव्हा दोघातिघांनी वळून पाहिलं.

शंख तिसऱ्या फळीवर होते. इंदूला ते दारातूनच दिसले. काळ्या कागदावर, ओळीने, प्रत्येकाखाली टाइप केलेली चिठ्ठी. वर मोठ्या अक्षरांत 'शंख-शिंपले' आणि खाली 'संग्राहक' म्हणून टिपणीसांचं नाव. चौकटीच्या कोपऱ्याला दुसऱ्या बक्षिसाची निळी फीत. एका विटकरी शंखाचा कोपरा चिमट्याने फाटला होता. घरी होता तेव्हा तो अखंड होता.

तिला वाटलं होतं ती ओरडेल. पण ती त्या फाटक्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. छबूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मंडळाचे चिटणीस म्हणजे काळी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ. ते जवळ आले. "काय हवंय बाई?"

"हे माझं आहे."

"कुठलं?"

"हे. सगळं. मी जमवलंय. ह्यावर दुसऱ्याचं नाव घातलंय."

चिटणीस गोंधळले. "असं कसं होईल? काही पुरावा?"

"माझ्याकडे काही नाही. तो उभा आहे बघा तुमच्या पाहुण्यांत, त्याला बोलवा. माझ्यादेखत विचारा, हे कुठून आणलंस म्हणून. तो खोटं बोलला तर मी निघून जाईन."

आता तिचा आवाज मोठा झाला होता. लोक थांबले. टिपणीस साहेब दोन सुटाबुटातल्या पाहुण्यांना काही समजावून सांगत होते. ते वळले आणि इंदूला पाहून त्यांचा चेहरा उतरला. चिटणिसांनी अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, ह्या बाई म्हणतात, हा संग्रह त्यांचा आहे. आपण हा कुठून मिळवलात?"

साहेब हसायला गेले. "अहो, ह्यांच्या मिस्टरांनी मला भेट म्हणून दिला. आता ह्यांचा काही गैरसमज..."

"मिस्टर कोण?"

"आमच्या कारखान्यात आहेत. कामगार."

"कधी दिला?"

साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. इंदू म्हणाली, "पर्मनंट व्हायच्या आधी महिनाभर. सांगा ना. सांगा त्यांना, शंख घेतले आणि नोकरी दिली म्हणून. माझ्या घरातून चोरून नेलं आणि तुम्ही ठेवून घेतलं. दोघंही चोर. एक माझ्या घरात झोपतो, दुसरा इथे बक्षीस घेतो."

पाहुण्यांपैकी एक जण खाली बघून चष्मा पुसायला लागला. टिपणीस साहेब "हा काय तमाशा, हिला बाहेर काढा" असं काहीतरी म्हणाले, पण चिटणीस हलले नाहीत. त्यांनी पुढे होऊन चौकटीवरची फीत सोडवली, नावाची पट्टीही काढली आणि दोन्ही खिशात घातली.

"प्रदर्शन संध्याकाळी संपेल," ते इंदूला म्हणाले. "मग बघू."

"मी इथेच बसते."

ती फळीखाली फरशीवर बसली. छबूबाई तिच्या शेजारी बसली आणि तिने चंची सोडली. लोक त्यांना वळसा घालून तिकिटं बघत होते. चिटणिसांनी एकदा पाणी पाठवलं. टिपणीस साहेब केव्हा गेले ते दोघींना दिसलं नाही. संध्याकाळी खोली रिकामी झाली तेव्हा त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतः चौकट उतरवली, काळे कागद काढले आणि वर्तमानपत्रात बांधून तिच्या हाती दिले.

"आणि वही?" इंदूने विचारलं. "खाकी वही होती. माझ्या भावाचं अक्षर होतं तीत."

त्यांना वहीचं काही माहीत नव्हतं. वही टिपणीसांच्या घरी बंबात गेली होती, हे सुमनताईने नंतर माळ्याकरवी कळवलं. तिकिटं काढून घेतल्यावर उरला तो नुसता चिरा पाडलेला कागद. सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला तो बरा.

सोमवारी उद्धवला साहेबांनी बोलावलं. नोकरीवरून त्याला काढणं आता शक्य नव्हतं, पुण्यातली गोष्ट कारखान्यात पोचली होती. पण खातं बदलणं साहेबांच्या हातात होतं. उद्धवला त्यांनी फौंड्रीत घातलं, लोखंडाच्या रसासमोर.

घरी आल्यावर तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "झाला तुझ्या मनासारख्या? आता मी थय भाजान मरतंय! तुझ्या कागदांपायी!"

"माझ्या नाय. तुझ्या चोरीपायी."

त्याने हात उगारला. हात तसाच वर राहिला. इंदू मागे सरली नाही, डोळे मिटले नाहीत. "मार," ती म्हणाली, "म्हणजे तुझा सगळा एकदाचा करून होतला." त्याचा हात खाली आला. तो बाहेर गेला आणि स्टेशनाच्या बाकावर जाऊन बसला. परत आला तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं आणि इंदू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पुढचे महिने वाईट गेले. फौंड्रीतून तो यायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली, कानांत, नखांत काजळी असे, आणि खोकला आला की थुंकीही काळी. शर्ट धुताना पाणी शाईसारखं व्हायचं. इंदूला त्याची दया यायची, आणि दया आली की ती जास्तच भडकायची. शर्ट दगडावर आपटताना म्हणायची, "विचारलं असतंस! एकदा तोंड उघडून विचारलं असतंस!" नळावरच्या बायका आता हसत नसत.

कारखान्यातही गोष्ट थांबली नाही. मंडळींनी आपसात बोलायला सुरुवात केली. कुणाची बरणी गेली, कुणाची पेटी गेली आणि कुणाचं नाव त्यानंतर वर आलं, हे उघड बोललं जाऊ लागलं. युनियनवाल्यांनी मॅनेजरला गाठलं. टिपणीस साहेब उन्हाळ्यात प्रकृतीच्या कारणाने कारखाना सोडून मुंबईला गेले. त्यांना कुणी शिक्षा केली नाही, उलट तिथे त्यांना बरी जागा मिळाली असं म्हणतात. रुक्मिणीबाईचा नवरा त्याच वर्षी पर्मनंट झाला, काही न देता. ती इंदूकडे पेढे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. इंदूने पेढा घेतला. "बसा," म्हणाली. एवढंच.

उद्धव मात्र फौंड्रीतच राहिला. ते खातं कुणाला नको असतं, त्यामुळे तिथून माणूस सुटत नाही. भैरूला इंदूने सगळं कळवलं. त्याने मेहुण्याला शिव्या दिल्या आणि बहिणीसाठी नवी तिकिटं पाठवली, पण ती जुनी ओळ त्याने पुन्हा लिहिली नाही आणि इंदूनेही मागितली नाही. शंख काळ्या कागदांवरच राहिले. ते कागद तिला आवडत नसत. पण काढून दुसरीकडे लावायचं तर पुन्हा एखादा कोपरा फाटायचा.

पेटीला तिने कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. उद्धवने ते पाहिलं.

एकोणसाठच्या शेवटी एका दुपारी तो दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होता. इंदू दारातल्या उन्हात काळे कागद पसरून बसली होती, दमट झालेत का बघत. तो डबा हातात घेऊन तिच्या मागे उभा राहिला. त्याची सावली कागदांवर पडली.

"उजेड सोड," ती म्हणाली.

तो बाजूला झाला. थोड्या वेळाने उकिडवा बसला. खोकला. मग म्हणाला, "ह्येच्यात तू बघतंस तरी काय?"

इंदूने वळून पाहिलं. "आता विचारतंस?" तिचा आवाज चिरका झाला. "लग्न होऊन इतकी वर्षां झाली, तुझ्या आवशीन माझो डबो शेणात ओतलो तेव्हा नाय विचारलंस, साहेबाक देताना नाय विचारलंस. आता?"

"आता विचारतंय."

रागाने तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मग तिने ठिपक्यांच्या कवडीवर बोट ठेवलं, कागदाला न टेकवता. "ही पाण्यात असताना अशी दिसत नाय," ती म्हणाली. "जिती असते तेव्हा तिच्या अंगाची कातडी बाहेर येऊन पाठ झाकते. तू बोट लावलंस तर ती हळूहळू आत घेते आणि मगे ही पाठ उघडी पडते. गुळगुळीत. भैरूदादान माका दाखवलेल्यान. मी लहान होतंय. पाण्यात उभी होतंय, हयपर्यंत." तिने गुडघ्याच्या वर हात लावला. "माका वाटला, ती माझ्यासाठीच उघडली."

उद्धव वाकून बघत होता. "आणि हो?" त्याने विटकरी शंखाकडे बोट केलं.

"हात लांब ठेव. हातांक काजळी आसा तुझ्या."

त्याने हात मागे घेतला आणि पाठीशी धरून ठेवला. ती त्याला सांगत राहिली, मधूनच त्याच्यावर खेकसत, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर. कारखान्याचा भोंगा झाला तो दोघांनीही ऐकला. त्या दिवशी उद्धवचा अर्धा दिवस कापला गेला, आणि त्याबद्दल इंदू त्याला आठवडाभर बोलत होती.